डावीकडचा काळा पडदा

संस्थेत त्याला सगळे झटपट म्हणायचे, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. कुणी एकच काम दोनदा हाताने करताना दिसलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. स्वतःवर तशी वेळ आली की तो कॉम्प्युटरची काळी खिडकी उघडायचा, दोन ओळींची कमांड लिहायचा, एंटर दाबायचा आणि चहा आणायला जायचा. परत येईपर्यंत काम झालेलं असायचं. मग चहा पिता पिता हेच काम दुसऱ्या कुणी किती दिवस घोळवलं असतं, हे तो शेजारच्या टेबलाला ऐकवायचा. शेजारच्या टेबलावर बहुतेक वेळा कॅमेराकाका असायचे, आणि ते हसून मान डोलवायचे.

संस्था वायरिंगचं काम शिकवायची. वीजसर शिकवायचे आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून कॅमेराकाका प्रत्येक धडा कॅमेऱ्यात घ्यायचे, म्हणजे विद्यार्थ्यांना तो नंतर फोनवर पुन्हा बघता यावा. वर्गात बत्तीस जण, त्यातल्या अकरा जणांना ऐकू येत नसे. त्यांच्यासाठी फळ्याच्या डाव्या अंगाला एक काळा पडदा टांगलेला होता. त्या पडद्यापुढे काळे कपडे घालून एक बाई उभी राहायची आणि सरांचं सगळं बोलणं हातांनी सांगायची. पडदा काळा आणि कपडेही काळे, कारण चेहरा आणि हात तेवढे उठून दिसले पाहिजेत. वर्ग तिला ताई म्हणायचा. ती झटपटची बायको होती.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना प्रमुख बाईंनी त्याला बोलावलं.

"मुलांची तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "फोनवर चित्र टीचभर दिसतं. दोन्ही बाजूंना नुसतं काळं. आकृत्यांवरचे आकडे वाचता येत नाहीत म्हणे. ती काळी पट्टी काढता येईल का?"

"सगळ्या चौसष्ट धड्यांची?"

"जमेल तेवढ्यांची काढ. परीक्षेच्या आत झालं म्हणजे मिळवली."

"आज दुपारी देतो," झटपट म्हणाला, आणि बाईंच्या भुवया वर गेलेल्या बघून त्याचा दिवस सार्थकी लागला.

काम खरंच सोपं होतं. काकांचा कॅमेरा जुना, त्याचं चित्र जरा आखूड, म्हणून रुंद चौकटीत बसवताना दोन्हीकडे काळी जागा उरायची. ती कापायला एक कमांड असते. ती व्हिडिओचा एक तुकडा बघते, कुठल्या कडेपासून कुठवर काळं आहे ते शोधते आणि चार आकडे देते: चित्र किती रुंद ठेवायचं, किती उंच ठेवायचं, आणि डावीकडून व वरून किती सोडायचं. दुसऱ्या कमांडला तेच आकडे दिले की ती तेवढं ठेवते आणि बाकीचं छाटते. काळं म्हणजे किती काळं, हेही आपणच सांगायचं. काकांच्या कॅमेऱ्याचं काळं जरा राखाडीकडे झुकणारं, म्हणून झटपटने ती मर्यादा थोडी वाढवली. अख्खा धडा तपासायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक धड्याचं फक्त पहिलं मिनिट तपासायला सांगितलं. डिस्क भरत आली होती, म्हणून शेवटी आणखी एक ओळ जोडली: नवी फाईल तयार झाली की जुनी पुसून टाक.

आधी त्याने नुसते आकडे काढून पाहिले. साठ धड्यांचे आकडे अगदी सारखे आले. डावीकडची काळी जागा उजवीकडच्यापेक्षा अडीच पट रुंद निघाली. काकांनी कॅमेरा तिरका लावला असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि जरा हसलाही. चार धड्यांचे आकडे मात्र वेगळे होते. तिथे डावीकडचं कापायचं काळं एकदम कमी दाखवत होतं. साठ एका बाजूला आणि चार एका बाजूला, तेव्हा चुकीचं कोण याबद्दल झटपटच्या मनात शंका आली नाही. काहीतरी चमक-बिमक आली असेल म्हणून कमांड फसली, असं म्हणून त्याने साठांचेच आकडे त्या चार धड्यांना लावले. एंटर दाबला आणि चहाला गेला.

परत येऊन त्याने तपासलंही. कामचुकार म्हणून कुणी त्याच्याकडे बोट दाखवू नये, एवढी काळजी तो घ्यायचा. चौसष्टमधले अकरा धडे उघडले, प्रत्येक मध्यापासून थोडा पाहिला. सर ठळक, फळा ठळक, आवाज जागच्या जागी. चित्र छान चौकोनी झालं होतं आणि फोनभर दिसत होतं. त्याने सगळे धडे चढवले आणि बाईंना तसं कळवलं.

घरी बायको गरम पाण्याच्या भांड्यात मनगटं बुडवून बसली होती. दोन तासांचा धडा झाला की तिची मनगटं धरायची.

"सगळे चौसष्ट?" तिने विचारलं.

"चहा गार व्हायच्या आत," तो म्हणाला.

ती हसली. "मला पण शिकव असं काहीतरी," ती म्हणाली. "बटण दाबलं की हात आपोआप हलतील असं."

दोन दिवसांनी सकाळी एक विद्यार्थिनी ऑफिसात आली. ही शिवणयंत्रं दुरुस्त करायची, त्यामुळे तिला सगळे मशीनवाली म्हणत. धिप्पाड बाई, बोटांना कायम तेलाचा वास. तिला ऐकू येत नसे आणि ती बोलतही नसे. ताई वर्गात नसली की ती कागदावर लिहून काम भागवायची. तिने एक कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: धड्यांतून ताईंना काढलं का? खाली लहान अक्षरांत: मग आम्हीही परीक्षेला बसत नाही. त्याच्याखाली अकरा सह्या.

बाईंना काही कळेना. मशीनवालीने फोन काढला, बाराव्या धड्याचा मधला भाग लावला आणि फोन टेबलावर आडवा ठेवला. वीजसर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात का लावायचा नाही, ते सांगत होते. सांगत होते म्हणजे त्यांचे ओठ हलत होते. शेजारी कुणी नव्हतं. चित्र सरांच्या खांद्यापाशी संपत होतं.

झटपट बाईंच्या खुर्चीमागे उभा होता, आणि कॅमेराकाका चहाचा कप घेऊन दाराशी. सगळा प्रकार त्याला एका क्षणात समजला. अडीच पट रुंद काळी पट्टी म्हणजे तिरका कॅमेरा नव्हता. पट्टीला लागून पडदा होता, आणि कमांडने दोन्हीला एकच काळं समजून कापलं होतं. पण पहिल्या मिनिटात ती पडद्यापुढे कशी नव्हती, हे मात्र त्याला उमगेना. आणि जुन्या फाईली त्याने स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या.

"ताई यात दिसतच नाहीत," बाई म्हणाल्या. "असं कसं झालं?"

बोलायची वेळ तीच होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. झटपटने तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून भलतंच वाक्य निघालं.

"मुळात रेकॉर्डिंगमध्येच आलं नसेल. कॅमेरा जरा तिरका होता, माझ्या लक्षात आलं होतं."

बाईंनी कॅमेराकाकांकडे पाहिलं. काका हातातला चहाचा कप खाली ठेवायचा विसरले. "चौसष्ट धडे?" ते म्हणाले. "सगळे?" मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि फोनवर वाकून बघत राहिले. "नाही म्हणजे, हल्ली डावीकडचं जरा धूसर दिसतंच मला," ते हळूच म्हणाले. "पण एवढं होईल असं वाटलं नव्हतं. चुकलं माझं."

काकांनी एकदा तरी वाद घातला असता तर बरं झालं असतं. मीच घेतलं होतं, नीट घेतलं होतं, असं ओरडून म्हणाले असते तर झटपटला निदान भांडता आलं असतं. न केलेली चूक ते अशी निमूटपणे अंगावर घेतील, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. जुन्या कार्डांवर काही उरलंय का, असं बाईंनी विचारलं. काका म्हणाले, दर आठवड्याला तीच कार्डं पुन्हा वापरतो, मूळ फाईल ऑफिसातल्या मशीनवर असतेच ना. झटपट जमिनीकडे बघत होता. फरशीला एक तडा होता, तो भिंतीपर्यंत गेला होता.

त्या संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काका पार कोसळलेत," ती म्हणाली. "वर्गात आले, पडद्यापुढे मला उभं केलं आणि कॅमेऱ्यातून दहा वेळा बघितलं. मी दिसते का, मी दिसते का. म्हणाले, 'दिसतेस, पण माझाच माझ्यावर भरवसा नाही राहिला.' काम सोडतो म्हणतायत."

ती वाळलेले कपडे घडी करायला बसली. दोन सदरे झाले, एक चादर झाली.

"तू तपासले होतेस ना धडे?"

"हो. अकरा."

"मधून?"

"मधून."

"आणि?"

"ठीक होते," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की आपण काय बोललो.

तिचे हात चादरीवर थांबले. "मी नव्हते त्यात," ती म्हणाली.

आवाज चढवून म्हणाली असती तर त्याने कानावर हात ठेवले असते, यंत्राची चूक म्हणाला असता, घाई होती म्हणाला असता. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, जणू एखाद्या यादीत राहून गेलेली वस्तू सांगतेय. अकरा वेळा त्याने तो वर्ग उघडला होता, आणि अकराही वेळा त्याची बायको तिथे नव्हती, आणि त्याला काहीच कमी वाटलं नव्हतं. आवाज होता ना. त्याला ऐकू येत होतं, म्हणून त्याच्या लेखी धडा पूर्ण होता. नऊ वर्षं तिच्या मनगटांसाठी पाणी तापवत होता, आणि ती मनगटं काय करतात ते एकदाही बघायला गेला नव्हता. त्याला इतकी लाज वाटली की समोरची चादर ओढून तोंडावर घ्यावीशी वाटली.

"पट्टी मीच कापली," तो म्हणाला. "जुन्या फाईली पण मीच पुसल्या."

"ते आत्ता कळलं मला."

"पण पहिल्या मिनिटात तू कुठे असतेस? मी पहिलं मिनिट तपासलं होतं, पडदा रिकामाच होता."

"सर आधी फळ्यावर धड्याचं नाव आणि आकृती काढतात," ती म्हणाली. "तेव्हा सगळ्यांचे डोळे फळ्यावर असतात. ज्याला हात बघायचेत, तो फळा वाचत असताना हात कसे बघणार? म्हणून सर वळेपर्यंत मी बाजूला थांबते. त्यांचं वाचून झालं की मग येते. चार वेळा सर फळा आधीच भरून ठेवून आले होते, तेव्हा सुरुवातीपासून उभी होते."

चार वेळा. त्याला वेगळे आकडे आलेले ते चार धडे आठवले. मशीनने चार वेळा सांगून पाहिलं होतं की इथे माणूस आहे. त्याने बहुमताने तिला खोडून टाकलं होतं.

"काकांना कधी सांगणार?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी. नक्की."

सकाळी तो गेला आणि त्याने सांगितलं नाही. आधी चहा झाल्यावर सांगू म्हणाला, मग बाई फोनवर होत्या, मग काका खाली गेले. लाज अशी असते की ती माणसाला खरं बोलायला लावेल असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा ती त्याला कपाटामागे लपायला लावते. दुपारी काकाच त्याच्या टेबलापाशी आले. हातात कॅमेऱ्याची पिशवी होती.

"हे तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "नवीन माणूस येईपर्यंत तूच बघशील. हा मऊ कपडा भिंगाला, हा दुसरा बाकी सगळ्याला. उलटं करू नकोस, ओरखडे पडतात. तिपाईचा एक पाय सैल आहे, त्याला मी खाली कागदाची घडी लावतो." ते थांबले. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललोय. पोरीला सांगितलं, ती म्हणाली इतके दिवस लपवलंत कशाला. आता लपवलं नव्हतं रे मी. मला खरंच कळलं नाही. कालपासून घरात बसून एक डोळा झाकतो आणि कपाटं मोजतो. कधी दोन दिसतात, कधी तीन."

"किती आहेत?" झटपटच्या तोंडून निघालं.

"तीन. पण एक दाराआड आहे."

झटपट उठून उभा राहिला. "काका, तुमची नजर ठीक आहे," तो म्हणाला. "कॅमेरा सरळ होता. तुम्ही सगळं नीट घेतलं होतंत. ताईंना मी कापलं. मग मूळ फाईली पुसल्या आणि तुमच्यावर खापर फोडलं."

काकांनी पिशवी हळूच टेबलावर ठेवली. रागावतील, हात उगारतील, काहीही करतील, असं त्याला वाटलं. त्याची तयारी होती, खरं म्हणजे तेवढीच आशा होती. काका खुर्चीत बसले.

"म्हणजे मला दिसतंय," ते म्हणाले. "बरोबर दिसतंय." त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी डोळे पुसले. मग म्हणाले, "कालच सांगायचं होतंस रे. कालपासून मी मला आंधळा समजतोय."

'चुकलं माझं' हे शब्द झटपटच्या तोंडात होते, पण काकांनी तेच शब्द काल, चूक नसताना, किती सहज उच्चारले होते, हे आठवून ते जिभेवरच अडले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलंस. ज्यांचं नुकसान झालंय त्यांना कोण सांगणार?"

वर्ग चार वाजता होता. त्याने बायकोला जिन्यात गाठलं. "मी बोलतो," तो म्हणाला, "तू सांग त्यांना."

"नाही."

"अगं, मला येत नाही ते."

"तुला दोन हात आहेत," ती म्हणाली. "चार शब्द आहेत. शिकवते." तिने जिन्यातच ते चार शब्द दाखवले: मी, ताई, कापलं, चूक. एकदा दाखवले, पुन्हा एकदा दाखवले, आणि वर निघून गेली. उरलेला पाऊण तास झटपट जिन्याच्या वळणावर भिंतीकडे तोंड करून हात हलवत होता. चार शब्दांसाठी कुठलीही कमांड नव्हती.

वर्गात तो काळ्या पडद्यापुढे उभा राहिला. त्याचा सदरा पांढरा होता, त्यामुळे हात सदऱ्यात बुडाले असणार. समोर बत्तीस चेहरे होते. त्यातल्या अकरा जणांच्या डोळ्यांकडे त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं, आणि आता ते डोळे नुसते त्याच्या हातांवर होते. त्याने स्वतःकडे बोट केलं. ताई दाखवलं. दोन बोटांची कात्री करून हवेत चालवली. चूक दाखवताना हात वाकडा गेला आणि शब्द बिघडला, म्हणून पुन्हा दाखवला. पुन्हा बिघडला. मशीनवाली जागेवरून उठली, पुढे आली, आपल्या तेलकट बोटांनी त्याचं मनगट धरून हात सरळ केला आणि मान हलवली: असं. तिसऱ्यांदा त्याने नीट दाखवलं.

मग मशीनवालीने हातांनी काहीतरी विचारलं. छोटासा प्रश्न होता. झटपटने गोंधळून बायकोकडे पाहिलं.

"ती विचारतेय," बायको म्हणाली, "तपासताना तू कुणाकडे बघत होतास."

"सरांकडे," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की मागच्या बाकांना ऐकू गेला नसेल. बायकोने तो शब्द हातांनी सांगितला, आणि मग अकराही जणांना कळला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

परीक्षेला नऊ दिवस राहिले होते. सरांचं चित्र होतं, आवाज होता. नव्हती ती फक्त डावीकडची पट्टी. ठरलं असं की तिने पडद्यापुढे उभं राहून, धड्याचा आवाज लावून, चौसष्ट धडे पुन्हा हातांनी सांगायचे, आणि तिची पट्टी प्रत्येक धड्याच्या कडेला जोडायची. सुरक्षेचे धडे आधी. वीजसर म्हणाले, निम्मे झाले तरी नशीब. काकांनी कॅमेरा लावला, तिपाईच्या सैल पायाखाली कागदाची घडी सरकवली, आणि मग झटपटला म्हणाले, "मी उद्या येईन. आज तू बस."

"काका, माझं चुकलं तर?"

"चुकलं तर दिसेल," काका म्हणाले. "बघत राहिलास तर." आणि ते गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण पूर्वीचं हसूही नव्हतं, आणि ते परत कधी येईल हे विचारायचा अधिकार आपल्याला नाही हे झटपटला कळत होतं.

बारावा धडा पहिला घेतला. बायको पडद्याच्या बाजूला उभी राहिली, मनगटं एकदा फिरवली आणि मान हलवली. झटपटने बटण दाबलं. रेकॉर्डिंगमधला, फळ्यावर खडू घासल्याचा आवाज सुरू झाला; सर धड्याचं नाव लिहीत होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर नुसतं काळं होतं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. हे मिनिट तिने सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, चित्रात काहीच नव्हतं. पण तिने ते सोडलं नाही. वाचणाऱ्यांना वाचू द्यायचं होतं.

झटपटने डोळे हलवले नाहीत. त्या काळ्यात त्याला हळूहळू पडद्याची चूण दिसायला लागली, मग वरचा टाका, मग कडेला उसवलेला धागा. खडू थांबला. सर वळल्याचा, घसा साफ केल्याचा आवाज आला. डावीकडून आधी एक हात चौकटीत आला, आणि मग ती आली.